नुसतं गाणं ऐकायला आवडतं, यात माझा आणि देशाचा काय फायदा? – तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उत्तर

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. मोठं आहे आणि मनापासून लिहिलंयस, त्यामुळे माझं उत्तरही लांबणार, सावकाश वाच.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हा मुलगा नागपुरात मानेवाड्याला राहतो, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कंट्रोल सिस्टिम्स आणि सिग्नल्समध्ये एटीकेटी लागलीय, म्हणजे हे दोन विषय राहिलेत. वडील हिंगणा एमआयडीसीत फिटर, आई घर बघते. याला गाणं ऐकायचं भयंकर वेड. गाता येत नाही, वाजवता येत नाही, शिकायचंही नाही म्हणतो, फक्त ऐकायचं. वडील म्हणतात, "दिवसभर काय ऐकून राह्यला, यानं पोट भरते का कोनाचं?" एक वर्ष पुढच्या मित्राला बारा लाखांचं पॅकेज लागलं, नारायण मूर्ती 2023 मध्ये म्हणाले होते की तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं ते याच्या डोक्यात पक्कं बसलंय, देश पाच ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेकडे चाललाय आणि त्यात आपण कुठेच नाही असं याला वाटतं. आणि शेवटी विचारलंय, मॅडम, हे सोडून साउंड इंजिनिअरिंगला जाऊ का, म्हणजे निदान माझं ऐकणं कशाच्या तरी कामी येईल आणि मी देशावर ओझं तरी राहणार नाही.

आधी या "ओझं" शब्दाबद्दल बोलते, करिअर नंतर. तू तो पत्रात दोनदा लिहिलायस. कधी कधी वैतागून आपण असं लिहून जातो, मला माहितीये. पण रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यातच अर्थ नाही असं काही मनात येत असेल तर माझ्या उत्तराची वाट बघत बसू नकोस, 14416 ला फोन कर. टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि आईला सांग. हे मी फॉर्मॅलिटी म्हणून लिहीत नाहीये, खरंच कर.

आता तुझ्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग. तू लिहिलंयस की रात्री गच्चीवर गायक वसंतराव देशपांड्यांचा मारवा राग ऐकतोस आणि "ते सा वर येतच नाहीत मॅडम, येतील येतील वाटतं आणि बाजूने निघून जातात, आणि मग एकदाचे आले की मला रडू येतं." अरे, तुला कोणी शिकवलं हे? मारव्याचा सगळा जीवच त्यात आहे. कोमल रिषभ आणि धैवत या सुरांभोवती राग फिरत राहतो, षड्जावर, म्हणजे तुझ्या त्या सा वर, टेकायला देतच नाही, म्हणून संध्याकाळची ती एक बेचैनी तयार होते. संगीत शिकणारी मुलं परीक्षेसाठी हे पाठ करतात, तू कोणी न सांगता कानाने पकडलंस. तीच रेकॉर्डिंग परत परत लावून, त्या एका सुराची वाट बघत.

आता इथे मला लिहिता आलं असतं की बघ, तुझा कान किती तयार आहे, सिग्नल प्रोसेसिंगमध्ये उपयोगी पडेल, कॉन्सन्ट्रेशन वाढेल, स्ट्रेस जाईल, इंटरव्ह्यूत हॉबीज विचारतात तिथे सांगायला होईल. काउन्सेलर लोक असंच लिहितात आणि पालकांनाही ते ऐकून बरं वाटतं. मी मुद्दाम लिहिणार नाही, कारण तुझा सगळा त्रासच तिथून सुरू झालाय. तुला आवडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची पावती दाखवावी लागते असं तू धरून बसलायस. मारवा ऐकून तुला रडू आलं ना, झालं की मग, त्याचं अजून काय करायचंय?

म्हणूनच साउंड इंजिनिअरिंगचं माझं उत्तर आत्ता तरी "नको" असं आहे. क्षेत्र वाईट आहे म्हणून नाही बरं का. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आणि कोलकात्याच्या सत्यजित रे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंडचे चांगले कोर्स आहेत, दोन्हीकडे ग्रॅज्युएशननंतर एंट्रन्स देऊन जाता येतं, म्हणजे डिग्री पूर्ण केलीस तरी तो दरवाजा काही बंद होत नाही. पण तुझ्या पत्रात माइक कसा लावतात, मिक्सिंग कसं करतात, या स्टुडिओतला आवाज असा का आणि त्यातला तसा का, याबद्दल एक ओळ नाही. आहे ती फक्त अपराधी भावना, की मी ऐकतो तर त्यातून काहीतरी निघायलाच पाहिजे. त्या भावनेतून प्रोफेशन निवडलंस तर दिवसभर दुसऱ्यांची गाणी एडिट करून रात्री कानात काही घालावंसं वाटणार नाही, आणि जे सुख आज फुकट मिळतंय तेही जाईल. डिग्री झाल्यावरही या कामाचीच ओढ वाटली तर ये, आपण नीट बोलू.

आता देशाचं. तू लिहिलंयस "माझं जीडीपीत योगदान शून्य आहे," म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यात. बरं, तुझ्या आईचं किती आहे? ती सकाळी उठून डबे करते, पाणी भरते, कपडे, भांडी, तुझ्या आजीची औषधं, हे सगळं तूच लिहिलंयस. जीडीपीत यातला एक रुपया धरत नाहीत, कारण तिला कोणी पगार देत नाही. सरकारच्याच 2019 च्या टाइम यूज सर्व्हेत आलं होतं की स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि पुरुष 97 मिनिटं. आता त्या आकड्यावरून तू आईला ओझं म्हणशील का? मग स्वतःलाच काहून म्हणतोस? ज्या सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञाने 1934 मध्ये अमेरिकेच्या संसदेसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब मांडला त्यानेच त्या रिपोर्टमध्ये बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं भलं किती झालं ते ठरवू नका. आकडा उपयोगाचा आहे, मी नाही म्हणत नाही, रोजगार कुठे वाढतोय, कारखाने चालतायत की बंद पडतायत हे त्यातून कळतं. माणसाची किंमत काढायला तो बनवलेलाच नाही.

आणि देशाने पैसा कमवायचा तो कशासाठी, हे आपल्याकडे लिहून ठेवलेलं आहे. संविधानाचं कलम 43 काढून वाच, मोबाइलवर मिळेल. त्यात म्हटलंय की शेतातल्या, कारखान्यातल्या, सगळ्याच कामगारांना काम, जगता येईल एवढी मजुरी आणि नीट राहणीमान मिळावं, आणि त्यासोबत फुरसतीचा आणि सामाजिक, सांस्कृतिक संधींचा पुरेपूर उपभोग घेता यावा, यासाठी राज्याने प्रयत्न करावा. फुरसत! कामगाराची फुरसत, संविधानात. हे मार्गदर्शक तत्त्वांत येतं, म्हणजे त्यावर कोर्टात जाऊन मागता येत नाही हे खरं, पण देश कुठल्या दिशेने चालवायचा ते तर ठरवलंय ना. दीक्षाभूमी तुझ्या घरापासून काही फार लांब नाही, लहानपणापासून जात असशील. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, कामाचे तास, पगारी सुट्ट्या हे विषय त्यांच्याच टेबलावर होते. आणि तेच बाबासाहेब, एवढा अभ्यास, एवढी आंदोलनं, एवढं आजारपण, आणि उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांनी व्हायोलिन वाजवून देशाला काय मिळालं असं विचारावंसं तुला वाटतं का? मला नाही वाटत.

अजून एक सांगते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1952 साली आपला देश किती गरीब होता ते तुझ्या आजीला विचार, धान्याचे वांधे होते, पहिली पंचवार्षिक योजना नुकती सुरू झालेली. त्याच वर्षी आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, देशभर एकाच वेळी शास्त्रीय गाणं, आणि त्याच वर्षी संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. पोट भरल्यावर बघू असं कोणी म्हटलं नाही. त्या काळात आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती तर लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला, शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू करावं लागलं. म्हणजे लोकांना गाणं हवं होतं आणि ते सरकारला ऐकावं लागलं. आकाशवाणीच्या चिन्हाखाली "बहुजन हिताय बहुजन सुखाय" लिहिलेलं असतं, त्यात हिताच्या जोडीला सुख पण आहे.

आता 70 तासांचं. नारायण मूर्तींनी कंपनी उभी केली, त्यांचा अनुभव मोठा, मी त्यांचा मान राखूनच सांगते, मला हे पटत नाही. तुझ्या घरात 70 तासांचा माणूस आहेच की. बाबा आठ तासांची ड्युटी करतात, वर ओव्हरटाइम, वर मानेवाड्याहून हिंगण्याला रोज टू-व्हीलरवर जाणं-येणं. ते रात्री घरी येतात आणि तू वायरी घालून डोळे मिटून पडलेला दिसतोस, त्यांना कसं वाटत असेल? त्यांच्या बोलण्याचा राग धरू नकोस. त्यांना तुझ्या गाण्याची चीड नाहीये, त्यांना भीती वाटते की हे पोरगं पण माझ्यासारखंच ओव्हरटाइम मोजत बसेल.

आणि तूच पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंयस की बाबा गुरुवारी भजनी मंडळात खंजिरी वाजवतात, "पण ते भजन असतं, ते चालतं." अरे बापू, तोच तर धागा आहे! तुझ्या डिग्रीवर ज्या विद्यापीठाचं नाव येणार ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं आहे, आणि तुकडोजी महाराज गावोगाव फिरले ते खंजिरी घेऊनच. ग्रामगीतेत ते शेती, ग्रामोद्योग, स्वच्छता, श्रम सगळं सांगतात आणि त्याच माणसाच्या हातात खंजिरी असते, त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या नाही वाटल्या. एका गुरुवारी बाबांसोबत जा. मोबाइल घरी ठेव, मागे बस आणि ऐक. ठेका कसा धरतात, कोण आधी आवाज चढवतो, बाबांचा हात कधी मोकळा होतो. तुझा कान चांगला आहे, तुला ते दिसेल. मग घरी येताना गाडीवर त्यांना सांग की तुम्ही अमुक ठिकाणी लय वाढवली ते मस्त होतं. तू काय ऐकतोस ते त्यांना समजावण्यापेक्षा हे सोपं आहे.

वसंतरावांबद्दल पण एक गोष्ट सांगते कारण तू त्यांचा भक्त आहेस. मूर्तिजापूरचा माणूस, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकला, आणि मग कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली. फायली, ऑफिसचा टाइम, बदली, सगळं. सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह ज्यांच्या नावाचं ते गृहस्थ आयुष्याची बरीच वर्षं सरकारी कारकुनी करत होते. ते कलाकार होते आणि तू श्रोता आहेस, फरक आहे, पण कितीतरी वर्षं नोकरी आणि गाणं त्यांनी सोबतच चालवलं. तिथेच त्यांच्या स्मृतीत संगीत समारोह होतो, दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राचा, यंदा जा. समोर बसून ऐकणं वेगळंच असतं.

आता अभ्यास. इथे मी कडक बोलणार. गाण्याची पावती लागत नाही हे मी म्हटलं, पण एटीकेटी काढावीच लागेल, आणि त्याला मारवा जबाबदार नाही. तुझ्या मार्कशीटवरून मला दिसतंय की तुझं गणित कच्चं राहिलंय, लाप्लास ट्रान्सफॉर्म धड येत नसेल तर कंट्रोल सिस्टिम्स आणि सिग्नल्स दोन्ही सोबतच अडकणार, तेच झालंय. आधी ते एक पक्कं कर, सिनिअरला पकड, कॉलेजच्या सरांना लाज न बाळगता विचार. हे दोन्ही विषय गेट या इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या, इलेक्ट्रिकलच्या सिलॅबसमध्ये आहेतच, म्हणजे मेहनत एकच, फायदा दोनदा. तिसऱ्या वर्षाला गेट देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. यावर्षी नुसता अंदाज यायला दे, मार्क्सची चिंता करू नकोस, पुढच्या वर्षी जोर लाव. पॉवर ग्रिड, एनटीपीसी या सरकारी वीज कंपन्या गेटच्या स्कोअरवरून घेतात, एनटीपीसीचा प्लांट तर आपल्या जिल्ह्यात मौद्यालाच आहे. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण या राज्याच्या वीज कंपन्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. कोराडीच्या वीज केंद्राचे 660 मेगावॅटचे तीन संच कधी फाटकाबाहेरून पाहिलेस का? ती वीज बुटीबोरीच्या कारखान्यांना जाते आणि कोणाच्या तरी घरी रात्री पंखा आणि रेडिओ पण त्याच्यावर चालतो. देशाच्या कामाचं काही करायचंय म्हणतोस ना, मला तरी हे काम चांगलं वाटतं.

फक्त नोकरी बघताना पॅकेजसोबत दोन-तीन गोष्टी विचारत जा. शिफ्ट ड्युटी आहे का, नाइट किती, सुट्टी खरंच मिळते की कागदावर, जायला-यायला किती वेळ. पॉवर प्लांटमध्ये शिफ्ट असते, ती सगळ्यांना झेपत नाही. बारा लाखवाल्या मित्राला पण विचार तो घरी किती वाजता येतो, जळण्यासाठी नाही, माहिती म्हणून. कलम 43 मधली ती फुरसत स्वतःच्या आयुष्यात कुठून काढायची हे तुझं तुलाच बघावं लागेल, ऑफर लेटरमध्ये कोणी लिहून देत नाही.

पुढच्या वेळी येशील तेव्हा सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट्स आण आणि शक्य झालं तर बाबांनाही घेऊन ये. त्यांची सुट्टी कोणत्या वारी असते ते आधी फोनवर कळव, मी त्या दिवशी वेळ ठेवते.

तुझी,
काउन्सेलर मॅडम