वाचक विचारतात : मुखवटा खलनायकाचा, माणूस भला

प्रश्न : ग्रीन गॉब्लिन म्हणजे स्पायडरमॅनचा हाडवैरी. पण तोच नायक असलेली मालिकाही निघाली होती म्हणे. खरं का? – एक वाचक, लातूर

उत्तर : खरं आहे. मार्व्हल या अमेरिकी कॉमिक प्रकाशनाने 'ग्रीन गॉब्लिन' नावाने ऑक्टोबर १९९५ ते ऑक्टोबर १९९६ असे १३ अंक काढले. लेखन टॉम डिफाल्कोचं, सुरुवातीची चित्रं स्कॉट मॅकडॅनियलची. यातला गॉब्लिन फिल युरिक, म्हणजे 'डेली ब्यूगल' या कथेतल्या वर्तमानपत्राचा बातमीदार बेन युरिक याचा पुतण्या. आधीचा गॉब्लिन ऑस्बॉर्न याच्या लपवलेल्या अड्ड्यात त्याला मुखवटा, ग्लायडर असं सगळं आयतं सापडतं. अंगात बळ येतं, पण मुखवटा चढवला तरच. नॉर्मन ऑस्बॉर्न आणि त्याचा मुलगा हॅरी या आधीच्या दोन गॉब्लिननी नाव बदनाम केलेलं, त्यामुळे हा मदतीला धावला तरी लोकांना दिसतो तो जुना राक्षसच. शेवटच्या अंकात सेंटिनल नावाच्या महाकाय यंत्रमानवांशी झुंजताना मुखवटा निकामी होतो आणि मालिका आटोपते.

सुरुवात 'वेब ऑफ स्पायडरमॅन'च्या १२५व्या अंकापासून करा. फिल तिथे पहिल्यांदा भेटतो. त्या काळात स्पायडरमॅनच्या क्लोनचं, म्हणजे हुबेहूब प्रतिरूपाचं, लांबलेलं प्रकरण चालू होतं, तेव्हा मध्येच स्कार्लेट स्पायडर (तोच हा क्लोन) दिसला तर गोंधळू नका. पुढे याच फिलला हॉबगॉब्लिन हा दुसरा गॉब्लिन करून खलनायक बनवलं, ते आम्हाला तरी रुचलं नाही. डिफाल्कोच्याच 'स्पायडर-गर्ल' या वेगळ्या, पर्यायी भविष्यातल्या मालिकेत मात्र तो भला राहिला आहे. ते वाचा.

प्रश्न : जत्रेत लुटणाऱ्या दरोडेखोराचा मुखवटा एका गरीब पोराला सापडतो, अशी ८ पानी चित्रकथा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांकडून काढून घेतोय. काय सांभाळावं? – एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : पहिली २ पानं दरोडेखोरालाच द्या. त्याची दहशत डोळ्यांनी दिसली नाही, तर पुढे पोराला पाहून लोक का पळतात ते कळत नाही. हौशी चित्रकथा बहुधा इथेच लंगडतात. मुखवट्याला एकच ठळक खूण ठेवा, समजा डावा कान तुटका, आणि ती दर चौकटीत डावीकडेच आली पाहिजे. आतला माणूस बदललाय हे अंगकाठीतून दाखवा : दरोडेखोराला घट्ट बसणारा मुखवटा पोराच्या हनुवटीखाली लोंबतोय, एका हाताने तो सावरतोय. आणि जिला त्याने वाचवलं त्या म्हातारीने त्याला एक धोंडा हाणलाच पाहिजे. लगेच हारतुरे आले की गोष्ट मेली.

संवाद आधी लिहा, फुगा मग काढा. उलटं केलं की वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. एका पानावर ५-६ चौकटी पुरेत. काळ्या शाईनेच गिरवा, निळं बॉलपेन झेरॉक्समध्ये पुसट येतं. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर कडेची अक्षरं कापली जातात. मधोमध पिना मारणार असाल तर पानं ४च्या पटीत लागतात. तुमची ८ बरोबर बसतात, मात्र मुखपृष्ठ त्यातच धरा.

प्रश्न : जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ सुटलंय. सेलोटेप लावू का? – एक वाचक, परभणी

उत्तर : मुळीच नको. उन्हाळ्यात गोंद पाझरतो, कागद पिवळा पडतो आणि पुढे टेप काढताना छपाईही निघते. आम्लमुक्त पुठ्ठा पाठीला लावून अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत उभा ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका.