सेकिरो सुरू करतोयस? आधी हानबेईकडे जा
अरे सेकिरो घेतलायस ना, मग वैतागून लगेच अनइन्स्टॉल करू नकोस. फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०१९ चा गेम आहे, ईझी मोड नाहीच यात, पण म्हणूनच मजा येते. नवीन पोरं काय करतात, मारामारी सुरू झाली की नुसती पळापळ, मागे सरकायचं आणि चान्स मिळाला की एक वार, इथे ते चालत नाही. समोरच्याच्या अंगावर जायचं. त्याची तलवार पडतेय नेमकं तेव्हाच ब्लॉक दाबलास की खण्णकन आवाज येतो, ठिणगी उडते आणि त्याचा पोश्चर बार (त्याचा तोल किती ढळलाय ते दाखवणारी पट्टी) भरतो, तो पूर्ण भरला की लाइफ कितीही शिल्लक असू दे, एका घावात खेळ खल्लास (मोठ्या बॉसना असे एकाहून जास्त घाव लागतात). आणि तू लांब जाऊन बसलास तर तो बार परत खाली उतरतो, म्हणजे केलेली मेहनत पाण्यात.

धोक्याच्या वाराआधी लाल अक्षर चमकलं की घाबरू नकोस, आधी बघ काय येतंय. भोसकायला आला तर मिकिरी (म्हणजे पुढे सरकून त्याचं हत्यार पायाखाली दाबायचं), पाय झाडला तर उडी, पकडायला आला तर बाजूला हो. मिकिरीचं स्किल सगळ्यात आधी घे, बाकीचं नंतर बघू.

गेममधल्या पडक्या देवळाबाहेर हानबेई नावाचा सामुराई उभा असतो, तो मरत नाही, त्याच्यावर मनसोक्त प्रॅक्टिस कर. बटणं बडवणं सुटून हात आपोआप तालात पडायला लागले ना, की गेनिचिरो या बॉसची फाइट खरंच स्वर्ग आहे राव, तोपर्यंत यूट्यूबवर बघून ती वाया घालवू नकोस.