८० इंची शॉर्ट जीपचा व्हीलबेस वाढवायचा आहे, आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी महिंद्रा सीजे ३बी आहे, ८० इंची चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा), उभ्या चढणीवर पुढची चाकं जमीन सोडतात. म्हणून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) दहा-बारा इंच वाढवायचा आहे. गाडी ऑफरोड स्पर्धांना ट्रेलरवरूनच न्यायची आहे. सुरुवात कुठून करायची?

आधी ट्रेलरबद्दल, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. व्हीलबेस आरसीवर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहिला, तर कंपनीच्या मूळ मापांपासून वेगळी झालेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. गाडी रोज रस्त्यावर लागणार असेल तर ही विकून महिंद्राचीच ९१ इंची जीप घ्या. पुढचं सगळं फक्त ट्रेलरवरच्या गाडीसाठी आहे.

आता मुख्य मुद्दा. किती इंच वाढवायचं याआधी कोणत्या बाजूला वाढवायचं ते ठरवा. चढणीवर पुढचा भाग उचलला जातो तो गुरुत्वमध्य आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर कमी पडतं म्हणून. पुढचा अ‍ॅक्सल पुढे सरकवला तर व्हीलबेस वाढतो, पण हे अंतर जवळजवळ आहे तेवढंच राहतं.

हे अंतर काढण्यासाठी गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पुढची दोनच चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. ड्रायव्हर बसलेला, टाकी अर्धी. पुढच्या चाकांवरचं वजन गुणिले व्हीलबेस, भागिले एकूण वजन, एवढा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असतो. समजा एकूण ११०० किलो आणि पुढे ५६० किलो आलं, तर २०३२ मि.मी. व्हीलबेसला हे अंतर १०३४ मि.मी. होतं. गुरुत्वमध्याची उंची ७०० मि.मी. धरली, तर ३५ अंशांच्या चढणीवर पुढच्या दोन चाकांवर मिळून जेमतेम २४० किलो उरतात.

आता ११ इंच, म्हणजे २७९ मि.मी. वाढवून बघू. चॅसी मधोमध कापून मागचा भाग मागे नेला, तर त्याच चढणीवर पुढे सुमारे २९० किलो राहतात. कापाच्या मागचं साधारण ३०० किलो वजनही मागे सरकतं, ते यात धरलं आहे. तेवढेच इंच पुढचा अ‍ॅक्सल पुढे नेऊन वाढवले, तर २२५ किलोच्या आसपास, म्हणजे आजच्यापेक्षाही कमी! मागे उलटण्याचा कोन आज सुमारे ५६ अंश आहे. मागे वाढवल्यावर तो ६० च्या वर जातो, पुढे वाढवला तर ५७ वरच अडकतो. पुढचा अ‍ॅक्सल पुढे नेण्याचा फायदा उतारावर आणि दगडाला भिडताना होतो. तुमची तक्रार ती नाही. हे आकडे तुमच्या वजनांनी पुन्हा काढा, कारण इंजिन बदललेलं असेल किंवा पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) असेल तर गणित हलतं.

आणि हो, स्टेपनी आणि जेरीकॅन मागच्या फळीला टांगले असतील तर ते काढून एकदा तीच चढण चढून बघा. अ‍ॅक्सलच्या मागे लटकणारं ४० किलो तुमच्या विरुद्ध काम करत असतं. कधीकधी एवढ्यावरच भागतं.

किती वाढवायचं? माझं मत ११ इंच, ९१ वर थांबा. विलीजनेच सीजे-५ चे ८१ इंच २० ने वाढवून १०१ इंची सीजे-६ काढली होती, पण ती माणसं आणि सामान वाहायला. व्हीलबेस वाढला की वळणाचा घेर त्याच प्रमाणात वाढतो: आज १८ फुटांच्या त्रिज्येत वळणारी गाडी ९१ इंचांवर साडेवीस फूट मागेल. दोन झाडांमधून काढायच्या स्पर्धेत हे जाणवतं. शिवाय पोट टेकतं. सुझुकी जिम्नीचे आकडे बघा: तीन दारी २२५० मि.मी., पाच दारी २५९०, दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स २१०, आणि पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन २८ वरून २४ अंशांवर आलेला. तुमच्या ११ इंचांत साधारण तीन अंश जातील. ते परत मिळवायला सव्वा इंच उंची पुरते. मोठे टायर घेऊन ती मिळवा, शॅकल (स्प्रिंगच्या पाट्याचं टोक चॅसीला जोडणारा झुलता दुवा) लांब करून नको. शॅकल लांबवला की पिनियनचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या, शाफ्ट जोडतात त्या दातेरी दांड्याचा) कोन बदलतो आणि गाडी डुलते.

नुसतेच पाट्यांचे हँगर (पाटे चॅसीला टांगणारे कंस) मागे नेण्याचा मोह होईल. दीड इंचापर्यंत ते ठीक आहे. त्याला तर हँगरही हलवायला नको, अ‍ॅक्सलच्या पाट्यावरच्या बैठकीत सेंटर बोल्टचं भोक सरकवलं तरी चालतं. पण ११ इंच मागे गेलात तर मागचा शॅकल चॅसीच्या शेवटच्या क्रॉस मेंबरच्या (आडव्या दांडीच्या) बाहेर येतो. मग लांबवलेल्या शेपटावर अर्ध्या गाडीचा मार बसतो. त्यापेक्षा मधला काप बरा: ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) क्रॉस मेंबर आणि मागच्या पाट्याचा पुढचा हँगर यांच्यामध्ये, हँगरपासून निदान सहा इंच सोडून. एवढी सपाट जागा मिळत नसेल तर चॅसीला हात लावू नका, भंगारातून सरळ ९१ इंची चॅसी आणा. काम वाढल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात कमी होतं.

कापायच्या आधी: बॉडी उतरवा, चॅसी सपाट जमिनीवर चार स्टँडवर घ्या, लेव्हल लावा. दोन्ही बाजूंच्या हँगरच्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजून लिहून ठेवा. जुनी चॅसी आधीच वाकलेली असते. कर्णांत तीन मि.मी. पेक्षा जास्त फरक आला तर आधी ती सरळ करून घ्या. मग कापाच्या दोन्ही बाजूंना जाड अँगलचे आडवे-तिरके आधार टाका.

काप सरळ उभा घेऊ नका. सी चॅनेलवर (चॅसीच्या सी आकाराच्या लांब दांडीवर) वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या पाळीवर, म्हणजे आडव्या कडेवर येतो. उभ्या कापात दोन्ही पाळ्यांचे जोड एकाच जागी येतात आणि वेल्डच्या अगदी शेजारचं, तापून गेलेलं लोखंड तडकतं. म्हणून पायरीचा काप घ्या: वरच्या पाळीचा जोड एका जागी, खालचा त्यापासून सहा इंच पुढे. मध्ये घालायचा तुकडा त्याच मापाच्या भंगार चॅसीतला हवा. आत त्याच जाडीच्या पत्र्याचा सी आकाराचा अस्तर-तुकडा बसवा, शेवटच्या जोडाच्या पुढे दोन्हीकडे आठ-आठ इंच जाईल असा, टोकं निमुळती कापलेली. जाडी व्हर्नियरने मोजा, गंजलेल्या चॅसीची डोळ्यांनी कळत नाही. अस्तराला प्लग वेल्डसाठी (भोक वेल्डने भरून जोडण्यासाठी) १२ मि.मी.ची भोकं चॅनेलच्या उभ्या भिंतीतच पाडा, तीन-तीन इंचांवर. पाळीला भोक नाही आणि पाळीवर आडवा वेल्डही नाही, जोडाचा सोडून.

वेल्डिंग सीओटूने (गॅसच्या आवरणातल्या तारेने) किंवा भट्टीत वाळवलेल्या ७०१८ रॉडने. आधी टाके, मग कर्ण पुन्हा मोजा, मग दोन-दोन इंच डावीकडे, दोन-दोन उजवीकडे. एक बाजू सलग मारली की थंड होताना ती ओढली जाते आणि मागचा अ‍ॅक्सल कायमचा तिरका बसतो. अशी गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते आणि अलाइनमेंटवाला काहीही करू शकत नाही.

या कामातलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसकडून मागच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणारी दांडी). ८० इंचीत तो फारच आखूड असतो. आठ इंचांचा उतार २० इंचांच्या शाफ्टवर असेल तर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) साडेतेवीस अंशांत फिरतो. तोच ३१ इंचांवर १५ अंशांत येतो. क्रॉस टिकतात, कंपन जातं. पण माप घ्यायचं ते गाडी चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी असताना. स्लिप जोड (शाफ्टचा लांब-आखूड होणारा सांधा) पाटे पूर्ण लोंबकळले तरी ५० मि.मी. गुंतलेला राहिला पाहिजे आणि पूर्ण दबले तरी २० मि.मी. मोकळा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुशाखे) एका रेषेत, पिनियन ट्रान्स्फर केसच्या शाफ्टला समांतर. जुन्या नळीला तुकडा जोडू नका. नवीन अखंड नळी टाकून बॅलन्स करून घ्या. तुमचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागच्या ड्रमवर असेल तर केबल लांबवायची गरज नाही, मात्र तो याच शाफ्टमधून चाकं धरतो. शाफ्ट तुटला की चढणीवर हँडब्रेकही गेला, एवढं लक्षात ठेवून चाकाला लावायची उटी गाडीत ठेवा.

मागची ब्रेकची नळी एकसंध नवीन घ्या, मधे कॉम्प्रेशन जोड (नटाने आवळायचा सांधा) नको. सपाटीवर मागचं ओझं आता कमी झालेलं असतं, त्यामुळे ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात का ते तपासा. होत असतील तरच मागचे व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे) एक माप लहान घ्या.

बॉडीतले ११ इंच सीटच्या पाठीमागे, चाकाच्या कमानीच्या पुढे घाला. १.२ मि.मी. पत्रा पुरतो. तिथे नवीन माउंटिंग द्या आणि रबर घालाच, नाहीतर चॅसी पिळवटते तेव्हा बॉडीचा सांधा फाटतो. या नव्या जागेत, अगदी तळाला, बॅटरी आणि स्टेपनी बसवा.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर यू बोल्ट (अ‍ॅक्सल पाट्यांना बांधणारे) पुन्हा आवळा. जोडांवर रंग लगेच लावू नका, पातळ प्रायमरच ठेवा. पहिल्या दोन-तीन स्पर्धांनंतर गाडी पुसून टॉर्चच्या उजेडात पाळ्यांचे जोड बघा. केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर ती तड समजा. तिच्या टोकाला भोक मारून, खोबण करून पुन्हा वेल्ड करा. नुसता वरून वेल्डचा मणी ओढलात तर ती आतून पुढे सरकत राहते.