'गुदमुंदसन' हे आइसलँडमधलं एखादं मोठं घराणं आहे का? या आडनावाची इतकी माणसं प्रसिद्ध कशी?

तुम्ही प्रश्नात पाच नावं दिली आहेत: गायिका ब्योर्क गुदमुंदसदोत्तिर, फुटबॉलपटू योहान बर्ग गुदमुंदसन आणि आल्बर्ट गुदमुंदसन, इंग्लंडमधल्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचे एकेकाळचे मालक ब्योर्गोल्फुर गुदमुंदसन आणि चित्रकार एर्रो. आणि विचारलंय की हे आपल्याकडच्या टाटा-बिर्लांसारखं मातब्बर घराणं आहे का.

नाही. या पाचही जणांत सारखी गोष्ट एकच, की प्रत्येकाच्या वडिलांचं नाव गुदमुंदुर. तेही पाच वेगवेगळे गुदमुंदुर.

आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच. वडिलांच्या नावाला मुलगा असेल तर 'सन' आणि मुलगी असेल तर 'दोत्तिर' जोडतात, की झालं दुसरं नाव तयार. आपल्याकडे सचिन रमेश तेंडुलकर असं तीन मजली नाव असतं. त्यातला तेंडुलकर उडवा, उरलं सचिन रमेश. आता कुणी 'जगातले प्रसिद्ध रमेश' अशी यादी केली आणि ज्यांच्या वडिलांचं नाव रमेश त्या सगळ्यांना तीत बसवलं, तर जे होईल तेच 'प्रसिद्ध गुदमुंदसन' या यादीचं होतं. यादी खरी असते, पण तिच्यातून कळत काहीच नाही.

(उच्चाराबद्दल: मराठी पेपरांत 'गुडमुंडसन' छापतात. पहिला 'ड' खरं तर इंग्रजी 'दॅट'मधल्या 'द'सारखा मऊ आहे, म्हणून मी 'द' लिहितोय. आइसलँडची माणसं 'ग'नंतर हळूच एक 'व'ही सरकवतात, पण तेवढ्या खोलात आपण नको जाऊया.)

ब्योर्कचंच घर घ्या. तिचे वडील गुदमुंदुर गुन्नारसन, इलेक्ट्रिशियन लोकांच्या युनियनचे पुढारी. आई हिल्दुर रूना हाउक्सदोत्तिर, पर्यावरणाच्या चळवळीतली. ब्योर्क स्वतः गुदमुंदसदोत्तिर. शुगरक्यूब्स बँडमधल्या थोर एल्दोनपासून झालेला तिचा मुलगा सिंद्री हा थोरसन. आणि अमेरिकन कलाकार मॅथ्यू बार्नीपासून झालेली मुलगी इसादोरा चक्क ब्यार्कारदोत्तिर, म्हणजे 'ब्योर्कची मुलगी'. आईचं नाव लावायला तिथे कायद्याची आडकाठी नाही, आणि हल्ली तसं करणारे बरेच आहेत. एका कुटुंबातली पाच माणसं आणि दुसरी नावं पाच. ज्यांचं खरंच रक्ताचं नातं आहे त्यांची नावं जुळत नाहीत, आणि ज्यांची जुळतात त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही!

लग्नानेही यात काही बदलत नाही. बाई आपल्या बापाचीच मुलगी राहते, नवऱ्याची मुलगी कशी होईल? आपल्याकडे मात्र लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, वर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि काही घरांत तांदळात अंगठीने नवीन नाव लिहून पाळण्यातलं नावही पुसून टाकतात. हे आइसलँडच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे.

आता तुमच्या यादीतला मला सगळ्यात आवडणारा माणूस, आल्बर्ट. खरं तर आल्बर्ट गुदमुंदसन दोन आहेत.

पहिला 1923 सालचा. आइसलँडचा पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू. 1940 च्या दशकात हा गडी ग्लासगोच्या रेंजर्सकडून, आर्सेनलकडून आणि पुढे फ्रान्समध्ये आणि थेट एसी मिलानकडून खेळला. त्या वेळी अख्ख्या देशाची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, हे लक्षात घ्या. परत येऊन व्यापारात पडला, मग राजकारणात. 1983 मध्ये अर्थमंत्री झाला. त्याआधी 1980 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून तिसरा आला होता. ती निवडणूक जिंकली विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांनी. लोकांनी थेट मतदानाने निवडून दिलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष ती हीच. राजधानी रेक्याविकमध्ये फुटबॉल संघटनेच्या कचेरीबाहेर आज या आल्बर्टचा पुतळा आहे.

दुसरा आल्बर्ट 1997 चा, इटलीत जेनोआकडून आणि मग फिओरेंतिनाकडून खेळणारा. 2018 च्या विश्वचषकातही तो आइसलँडच्या संघात होता. दोघांचं नाव अक्षरशः एकच. आणि गंमत म्हणजे इथे नातंही आहे: धाकटा हा थोरल्याचा पणतू. कुणीही म्हणेल, बघा, चालत आलं की आडनाव!

पण साखळी नीट बघा. थोरल्या आल्बर्टचा मुलगा इंगी ब्योर्न, तो झाला आल्बर्टसन. हाही फुटबॉलपटू, आणि बापासारखाच खासदार झाला. त्याची मुलगी झाली इंगादोत्तिर, तीही फुटबॉल खेळायची. तिचा मुलगा हा धाकटा आल्बर्ट. म्हणजे नातं आलं आईकडून. 'गुदमुंदसन' मात्र आलं वडिलांकडून, कारण तिच्या नवऱ्याचं नाव नेमकं गुदमुंदुर. मधल्या दोन पिढ्यांत हे नाव कुठेही नाही. ती गुदमुंदुर नावाच्या माणसाऐवजी आणखी कुणाशी लग्न करती, तर पोरगा आल्बर्ट अमुकसन झाला असता आणि तुमच्या यादीत दिसलाच नसता.

तो बाप कोण हे कळलं तर आणखी मजा येईल. 2016 च्या युरो स्पर्धेत, 22 जून रोजी पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्समध्ये आइसलँडने ऑस्ट्रियाविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटाला गोल मारून 2-1 असा सामना जिंकला होता. तेव्हा एक समालोचक किंचाळत, आवाज फाटेपर्यंत ओरडत सुटला होता. ती क्लिप जगभर फिरली, आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही येऊन गेली. तो समालोचक गुदमुंदुर बेनेदिक्तसन, लाडाने 'गुम्मी बेन'. तोच धाकट्या आल्बर्टचा बाप, स्वतःही देशाकडून खेळलेला. त्याच्या बापाचं नाव बेनेदिक्त, म्हणून तो बेनेदिक्तसन. एवढं फुटबॉल एका घरात, आणि नावावरून काडीचाही पत्ता लागत नाही.

पणजोबांचं नाव पणतूला द्यायची पद्धत आपल्याला परकी नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आइसलँडमध्ये फार जुनं आहे. त्यामुळे कित्येक घरांत गुदमुंदुर योनसन, त्याचा मुलगा योन गुदमुंदसन, त्याचा पुन्हा गुदमुंदुर योनसन, असा खो-खो पिढ्यानपिढ्या चालतो. मुळात वापरातली नावंच मोजकी. 1703 मध्ये तिथे अख्ख्या देशाची नावनिशीवार जनगणना झाली, माणसं भरली पन्नास हजारांच्या आसपास. त्यात दर पाच पुरुषांत एकाहून जास्त योन होते! गुदमुंदुर आणि सिगुर्दुर ही नावंही तशीच शतकानुशतकं वरच्या रांगेत. गुदमुंदसन, सिगुर्दसन, योनसन पायलीला पन्नास आहेत ते यामुळे. तुमची यादी लांब असण्याचं कारणही तेवढंच.

एकाच नावाची खरी कोंडी बघायची असेल तर 'गुदमुंदुर गुदमुंदसन' बघा. म्हणजे बापाचंही नाव तेच आणि मुलाचंही तेच. या नावाचे दोन तर जगप्रसिद्धच. एक हँडबॉलचा प्रशिक्षक. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने आइसलँडला रौप्यपदक मिळवून दिलं आणि 2016 मध्ये रिओत डेन्मार्कला सुवर्ण. तो मधे 'थोर्दुर' हे आणखी एक नाव लावतो. योहान बर्गमधला 'बर्ग', इंगी ब्योर्नमधला 'ब्योर्न' हीसुद्धा अशीच दुसरी पाळण्यातली नावं, गर्दीत ओळखू यायला कामी येतात. दुसरा गुदमुंदुर गुदमुंदसन म्हणजे तुमच्या यादीतला एर्रो, 1932 साली ओलाफ्सविक नावाच्या मासेमारीच्या गावाकडे जन्मलेला. पुढे तो पॅरिसला स्थायिक झाला. कॉमिक्समधली पात्रं, राजकीय पुढारी, जाहिराती यांची एकात एक खचाखच कोंबलेली त्याची प्रचंड चित्रं बघितलीत तर विसरणार नाही. आधी तो 'फेर्रो' अशी सही करायचा, नंतर पुढचा 'फ' गळला आणि एर्रो राहिलं. 1989 मध्ये त्याने आपल्या कामाचा मोठा संग्रह रेक्याविक शहराला देऊन टाकला, तो तिथल्या कलासंग्रहालयात बघायला मिळतो.

ब्योर्गोल्फुरबद्दल फार लिहीत नाही. लान्ड्सबांकी बँकेत त्यांचा मोठा वाटा होता, 2006 मध्ये त्यांच्या पैशावर वेस्ट हॅम विकत घेतला गेला, ऑक्टोबर 2008 मध्ये बँक कोसळली आणि 2009 मध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. त्यांचा अब्जाधीश मुलगा ब्योर्गोल्फुर थोर हा अर्थातच ब्योर्गोल्फसन. अंबानींसारखी बाप-लेकांची जोडी, पण आडनावावरून गुगल केलंत तर एकाकडून दुसऱ्याकडे पोचणार नाही.

तुमच्या यादीत नसलेला एक मी घालतो: कवी तोमास गुदमुंदसन (1901–1983). रेक्याविक शहरावर इतक्या प्रेमाने लिहिलं की लोक त्याला रेक्याविकचा कवीच म्हणतात. शहराच्या मधल्या तळ्याकाठी बाकावर बसलेला त्याचा पुतळा आहे, शेजारी जागा मोकळी ठेवलेली. पर्यटक तिथे बसून फोटो काढतात, बहुतेकांना तो कोण ते माहीत नसतं.

अपवाद आहेत. काही घराण्यांत खरं, पिढीजात आडनाव असतं. चेल्सी आणि बार्सिलोनाकडून खेळलेला एदुर गुद्योन्सेन हे आपल्याला माहीत असलेलं उदाहरण: 1996 मध्ये टालिनला एस्टोनियाविरुद्ध तो आपल्या बापाच्या जागी बदली खेळाडू म्हणून उतरला होता. बापही गुद्योन्सेन, पोरगाही गुद्योन्सेन, कारण हे घराण्याचं नाव आहे. 1925 पासून मात्र नवीन आडनाव घ्यायला कायद्याने बंदी आहे. आधीची आहेत ती चालू राहिली. अगदी अलीकडे, 2019 च्या कायद्याने, स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणून न नोंदवणाऱ्यांना 'सन' आणि 'दोत्तिर' दोन्ही टाळून 'बुर', म्हणजे अपत्य, असं लावायची मुभा मिळाली.

आता व्यवहारातला मुद्दा, कारण मराठी क्रीडापानं वाचताना मला हे नेहमी खटकतं. 'गुडमुंडसनने दोन गोल केले' हे वाक्य आइसलँडमध्ये कुणी म्हणणार नाही. तिथे नाव म्हणजे पहिलं नाव. राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात, मास्तरांनाही, डॉक्टरांनाही. फोनबुक पहिल्या नावाच्या वर्णानुक्रमाने लावलेलं असायचं आणि नावापुढे व्यवसाय छापायचे, म्हणजे सुतार योन कोणता आणि दंतवैद्य योन कोणता हे कळावं. 'ब्योर्क' हे एकशब्दी नाव स्टाइल म्हणून घेतलंय असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही, तिथल्या कुठल्याही बाईला असंच म्हणतात.

हा घोळ आपल्या देशातल्या नावांचाही होतोच. 2022 मध्ये रेक्याविक ओपन ही बुद्धिबळ स्पर्धा आपल्या प्रज्ञानंदने जिंकली. परदेशी तक्त्यांवर त्याचं नाव 'प्रज्ञानंद रमेशबाबू' असं येतं. रमेशबाबू हे त्याच्या वडिलांचं नाव. विश्वनाथन आनंदला तर जगाने वर्षानुवर्षं त्याच्या वडिलांच्याच नावाने हाक मारली. स्पर्धा भरवणाऱ्या आइसलँडवाल्यांना तरी या दोघांची नावं लगेच समजली असतील.

राहता राहिला नात्याचा प्रश्न. तो दुसऱ्या नावावरून सुटत नाही, तर तिथली माणसं काय करतात? त्यांच्याकडे 'इस्लेंदिंगाबोक' नावाची वंशावळींची ऑनलाइन नोंदवही आहे. जनुकांवर संशोधन करणाऱ्या डीकोड कंपनीने ती उभी केली आणि 2003 पासून नागरिकांना खुली केली. आपला आणि दुसऱ्या कुणाचा सामाईक पूर्वज कोण हे तीत बघता येतं. चर्चची दप्तरं आणि जुन्या जनगणना शाबूत असल्यामुळे हे जमलं. 2013 मध्ये तिचं मोबाइल अ‍ॅपही आलं, आणि 'डेटवर जाण्याआधी नातं तपासा' म्हणून त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. देश आजही जेमतेम चार लाखांचा, त्यामुळे काही पिढ्या मागे गेलं की बहुतेक सगळे कुठे ना कुठे जुळतातच. ब्योर्क आणि योहान बर्ग हेसुद्धा आठव्या-नवव्या पिढीत एकमेकांचे कुणीतरी लागत असतील तर मला नवल वाटणार नाही. पण ब्योर्क आणि एखादी सिगुर्दारदोत्तिर यांचंही तेवढंच नातं निघेल.