‘साजोर-काजू’मधला काजू

प्रश्न असा आहे: धिंगरी अळिंबीच्या स्पॉनच्या (बियाण्याच्या) पिशवीवर ‘प्लुरोटस साजोर-काजू’ छापलेलं असतं. हिचा काजूशी संबंध काय? आणि काही याद्यांमध्ये ‘लेंटिनस साजोर-काजू’ दिसतं, ती हीच का?

काजूशी काडीचाही संबंध नाही, लाकडाशी आहे. मलय भाषेत ‘सायुर’ म्हणजे भाजी आणि ‘कायू’ म्हणजे लाकूड. थोडक्यात, लाकडावर उगवणारी भाजी. हे शब्द रोमन लिपीत उतरवताना ‘य’साठी ‘जे’ हे अक्षर वापरलं गेलं (डचांची तीच पद्धत) आणि आपण ते इंग्रजी वळणाने वाचलं. खरं तर ‘सायोर-कायू’ म्हणायला हवं. आपला काजू वेगळा, तो ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांबरोबर आला. हा ‘कायू’ मात्र आपल्या घरांतही आहे: काजूपुटीचं तेल. मूळ ‘कायू पुतिह’, म्हणजे पांढरं लाकूड. तिथेही काजू घुसलाच!

आता प्रजातीचा (जीनसचा, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाचा) वाद. स्वीडिश कवकशास्त्रज्ञ फ्रीसने 1821 मध्ये ‘साजोर-काजू’ हे नाव दिलं तेव्हा टोपीखाली पडदे असलेली जवळजवळ प्रत्येक अळिंबी ‘अ‍ॅगॅरिकस’मध्येच टाकली जाई. 1838 मध्ये त्यानेच ती ‘लेंटिनस’मध्ये नेली. 1951 मध्ये सिंगर या कवकशास्त्रज्ञाने ती ‘प्लुरोटस’मध्ये हलवली आणि पुढे पेग्लर या दुसऱ्या कवकशास्त्रज्ञाने पुन्हा ‘लेंटिनस’मध्ये आणली. पेग्लरचं म्हणणं पटण्यासारखं आहे. लॅटिन ‘लेंटस’ म्हणजे चिवट, आणि खरी साजोर-काजू तशीच असते: गरात जाड भिंतींचे तंतू, देठावर कडं, जून झाली की चामड्यासारखी. ‘प्लुरोटस’ म्हणजे बाजूचा कान. धिंगरी हातात घेऊन बघा. देठ कडेला, त्यावर कडं नाही, आणि ओढली की उभी फाटते. आज तर या दोन प्रजाती वेगवेगळ्या गणांत (ऑर्डरमध्ये) मोडतात.

पण खरी गोम पुढेच आहे. आपली धिंगरी मुळात साजोर-काजू नव्हतीच. 1974 मध्ये जांडाईक आणि कपूर या भारतीय संशोधकांनी हिमालयाच्या पायथ्याकडच्या एका अळिंबीची लागवड करून दाखवली आणि तेव्हा प्रचलित असलेलं सिंगरचं नाव तिला लावलं. लागवड सोपी, त्यामुळे अळिंबी पसरली आणि तिच्याबरोबर नावही. नंतर पेग्लरने चूक दाखवली. संकराच्या चाचण्यांतही ही ‘प्लुरोटस पल्मोनॅरियस’शी सहज जुळते असं दिसलं.

म्हणून ‘प्लुरोटस साजोर-काजू = लेंटिनस साजोर-काजू’ हे समीकरण फ्रीसच्या अळिंबीपुरतं बरोबर आहे, पिशवीतल्या धिंगरीला ते लावता येत नाही. यादी ‘सुधारायला’ बसलेली मंडळी इथेच घसरतात: प्रजातीचं नाव नवं घालतात आणि धिंगरीला थेट दुसऱ्या गणात नेऊन बसवतात. त्यापेक्षा जुनी चूक परवडली. प्रबंधात किंवा लेखात ‘प्लुरोटस पल्मोनॅरियस’ लिहावं, पुढे ‘साजोर-काजू या नावाने विकली जाणारी’ असं जोडावं. मराठीत नुसतं ‘धिंगरी’ म्हटलं तरी चालतं, पण त्या नावाखाली प्लुरोटसच्या इतर जातीही येतात.

शिटाके या जपानी अळिंबीचं तसं नाही. ‘लेंटिनस एडोडिस’ आणि ‘लेंटिन्यूला एडोडिस’ ही एकाच अळिंबीची नावं, तिथे बरोबरचं चिन्ह खुशाल घाला.