आइसलँडिक राहू द्या, आधी एजंटाला थांबवा

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एस.वाय. बी.ए.ला, विषय संस्कृत. घरच्या घरी जर्मन शिकून तिने ए२ची, म्हणजे ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांपैकी दुसरीची, परीक्षा चांगल्या गुणांनी काढली. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या जोडीला आइसलँडिक, म्हणजे आइसलँडची भाषाही सुरू केली आहे. वडिलांनी एका एजंटाकडे जर्मनीतल्या नर्सिंग प्रशिक्षणासाठी आगाऊ रक्कम भरली आहे आणि एजंटाला डिसेंबरपर्यंत बी२चं, म्हणजे चौथ्या पायरीचं, प्रमाणपत्र हवं आहे. ‘दोन भाषांची खिचडी होईल, हे तुम्हीच तिला समजावून सांगा,’ असं ते लिहितात. पुरावा म्हणून तिच्या वहीच्या एका पानाचा फोटोही जोडला आहे.

नमस्कार,

तुम्ही विचारलंत आइसलँडिकबद्दल, पण मला घोर लागला तो नर्सिंगचा. दोन पानी पत्रात नर्सिंगचा उल्लेख एकाच वाक्यात आहे: ‘भाषा येतेच आहे, तर नर्सिंगला टाकू.’ तिला रुग्णसेवेची आवड आहे का, ती कधी कुणाच्या आजारपणात उशाशी बसली आहे का, याबद्दल चकार शब्द नाही. जर्मनीतलं हे प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं. वर्गाबरोबर इस्पितळात आणि वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम करावं लागतं, शिफ्ट असतात. आपल्याकडे नातेवाईक किंवा आया जे करतात, म्हणजे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, ते तिथे नर्सच्याच कामाचा भाग आहे. मनापासून हे करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण मनात नसताना तिथे पोहोचलेली मुलगी परक्या देशात एकटी पडते. प्रशिक्षण मध्येच सोडलं, तर तिथे राहण्याचा परवानाही अडचणीत येतो. व्हिसा मिळतो म्हणून कुणी नर्स होऊ नये. त्यात तिचे हाल होतात आणि रुग्णाचेही.

‘भावकीत सांगून झालंय, आता मागे कसं फिरायचं?’ असंही तुम्ही लिहिलं आहे. तुम्ही ते प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मीही स्पष्ट बोलते. येत्या दिवाळीला चार पाहुणे विचारतील, तेव्हा ‘बेत बदलला’ एवढं सांगायचं. तेवढं अवघडलेपण तुम्ही सोसा. त्यापायी लेकीची तीन वर्षं पणाला लावू नका.

एजंट सरकारी कराराचं नाव घेतो म्हणता. करार झाला हे खरं आहे. इथून कुशल कामगार तिकडे पाठवण्यासाठी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात तो झाला. मग तुमची आगाऊ रक्कम त्या योजनेत नेमकी कुठे बसते, हे त्याच्याकडून लेखी मागा. देत नसेल तर पैसे परत मागा, तेही लेखीच. डिसेंबर ही तारीख त्याच्या बॅचच्या सोयीची आहे. बी२ गाठायला सुरुवातीपासून साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. कॉलेज सांभाळून ए२वरून चार महिन्यांत बी२ होणार नाही. नाही झालं की खापर आइसलँडिकवर फुटेल, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते.

आता खिचडीचं. दोन भाषा एकत्र शिकल्या की दोन्ही बिघडतात, हा समज फार पसरलेला आहे. तुमच्याच जिल्ह्यात जतकडे घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी मुलं वाढतात, त्यांचं काही बिघडत नाही. सरमिसळ होते ती दोन्ही भाषा अगदी पहिल्या पायरीवर असताना, आणि जर्मन-आइसलँडिकसारख्या एकाच कुळातल्या असल्या तर जास्त. तुमच्या मुलीने जर्मनचं ए२ झाल्यावर दुसरी भाषा धरली, हा क्रम शहाणपणाचा आहे. तरी एक जागा धोक्याची आहे, ती तिने ओळखून ठेवावी. जर्मनमध्ये ‘डास’ (की) किंवा ‘वाइल’ (कारण) या शब्दांनी सुरू होणाऱ्या गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, आइसलँडिकमध्ये तसं जात नाही. आइसलँडिकचा अभ्यास झाल्यावर लगेच जर्मन लिहायला बसलं, की क्रियापद हमखास मध्येच अडकतं. उपाय साधा आहे. जर्मन सकाळी, आइसलँडिक रात्री, वह्या वेगळ्या, आणि एका आठवड्यात दोन्हीकडचं नवं व्याकरण उघडायचं नाही.

तुम्ही पाठवलेलं वहीचं पान मी मोठं करून पाहिलं. तुम्हाला त्यात वेळेचा अपव्यय दिसला. पानावर ‘कुत्रा’ या शब्दाच्या विभक्तिरूपांचे तीन रकाने आहेत. पहिल्यात जर्मन कुत्रा: डेअर हुंड, डेन हुंड, डेम हुंड, डेस हुंडेस. दुसऱ्यात आइसलँडिक: हुंडुर, हुंड, हुंडी, हुंड्स. तिसऱ्यात संस्कृत: श्वा, श्वानम्, शुने, शुनः. जर्मनमध्ये बदल बहुतेक उपपदातच होतो, आइसलँडिकमध्ये संस्कृतसारखा खुद्द नामाला प्रत्यय लागतो, हे तिने लाल पेनाने अधोरेखित केलं आहे. हुंड आणि श्वन् एकाच मुळाचे, म्हणून त्यांना जोडणारा बाणही काढला आहे. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने १८१६ मध्ये संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन भाषांशी ताडून पाहिली आणि त्यातून तौलनिक भाषाशास्त्र उभं राहिलं. तुमची मुलगी त्याच वाटेवर आहे. तुम्ही लिहिता, संस्कृत ‘मार्कांसाठी’ घेतलं. हे पान मार्कांसाठी लिहिलेलं नाही.

तिला रास्मुस रास्कबद्दल जरूर वाचायला सांगा. या डॅनिश माणसाने शाळकरी वयात आइसलँडिक गाथा आणि त्यांचं भाषांतर शेजारी ठेवून ती भाषा स्वतःच शिकून घेतली, १८११ मध्ये तिचं व्याकरण छापलं, आणि पुढे रशिया-इराणमार्गे १८२० साली तो मुंबईत येऊन पोहोचला, पारशांच्या जुन्या हस्तलिखितांच्या शोधात.

आइसलँडिकवर पोट भरेल का? नाही. आइसलँड जेमतेम चार लाख वस्तीचा देश आहे आणि तिथे इंग्रजीवर बरंच भागतं. पण तिला त्यासाठी पैसेही घालवावे लागणार नाहीत. आइसलँड विद्यापीठाचा ‘आइसलँडिक ऑनलाइन’ हा अभ्यासक्रम फुकट आहे. नामांची सगळी रूपं दाखवणारा ‘बीन’ नावाचा शब्दसंग्रहही इंटरनेटवर फुकट मिळतो. रोज अर्धा तास, बस. एवढ्यावर घरात भांडण नको.

जर्मनचं मात्र नीट मनावर घ्या. पुण्यात डेक्कन कॉलेजला भाषाशास्त्रात एम.ए. करता येतं. जर्मनीत येना, म्युनिक, कोलोन इथे तौलनिक भाषाशास्त्राची मोठी परंपरा आहे, पण तिथे अशा विषयांना बहुधा बी२च्याही पुढचं जर्मन लागतं. या क्षेत्रात प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, हेही तिने समजून घ्यावं. म्हणून सी१पर्यंतचं जर्मन ही तिची हाताशी असलेली कमाई: शिकवणं, भाषांतर, जर्मन कंपन्यांची पुण्यातली कामं.

डिसेंबरची बी२ सोडा आणि पुढच्या उन्हाळ्यात बी१ धरा. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चारही भाग त्या परीक्षेत वेगवेगळे देता येतात. घरी एकटीने शिकणारी मुलं वाचन-श्रवणात तरतात आणि बोलण्यात अडखळतात. एजंटाकडून पैसे परत मिळाले, तर त्यातून तिला चुका सुधारणारी संभाषणाची शिकवणी लावा. ऑनलाइन असली तरी चालेल. नर्सिंगचं तिला एकदा सरळ विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तो विषय तिथेच मिटवा.