संगणक एक, कागदपत्रे तिघांची

प्रश्न : आमच्या घरी विंडोज 11 असलेला एकच संगणक आहे. मी, माझे यजमान आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा असे तिघेही तो एकाच खात्यातून वापरतो. मी विमा प्रतिनिधी असून ग्राहकांच्या आधार कार्डांच्या व वैद्यकीय अहवालांच्या प्रती डी ड्राइव्हवर 'हिडन' केलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. परवा जागा मोकळी करताना मुलाच्या हातून त्यातील काही फाइल्स पुसल्या गेल्या. फोल्डर लपवणे पुरेसे नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पुरेसे नाही. 'हिडन' फोल्डर केवळ नजरेआड होतो. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' हा पर्याय निवडला की तो कुणालाही दिसतो आणि उघडतोही. ग्राहकांनी ही कागदपत्रे आपल्यावर विश्वासून दिलेली असल्यामुळे तिघांची खाती वेगळी करणेच योग्य ठरेल. मात्र त्याआधी पुसलेल्या फाइल्स रिसायकल बिनमध्ये आहेत का ते पाहून परत आणाव्यात, कारण रिसायकल बिनही खात्यागणिक वेगळा असतो.

'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' विभागात 'अदर यूजर्स' येथे तिघांसाठी तीन नवी 'स्टँडर्ड' म्हणजे मर्यादित अधिकारांची खाती उघडावीत. आताचे खाते बहुधा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे संगणकाचे सर्वाधिकार असलेले असेल. त्याचा पासवर्ड बदलून ते नवे प्रोग्राम घालण्यापुरतेच ठेवावे आणि तो पासवर्ड आपल्याजवळच असावा, कारण तो ज्याच्या हाती असेल त्याला इतरांचे फोल्डरही उघडता येतात.

प्रत्येक खात्यासाठी विंडोज सी ड्राइव्हवरील 'यूजर्स' फोल्डरमध्ये स्वतंत्र जागा तयार करते. तेथील डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप दुसऱ्या स्टँडर्ड खात्यातून उघडत नाहीत. हे संरक्षण डी ड्राइव्हला आपोआप मिळत नाही, आणि बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. तेथे नेहमीच्या मांडणीत संगणकावरील कोणत्याही खात्यातून फाइल्स वाचता, बदलता आणि पुसताही येतात. म्हणून आपल्या नव्या खात्यात शिरून ग्राहकांच्या फाइल्स आपल्या डॉक्युमेंट्समध्ये कॉपी कराव्यात, त्यातील काही उघडून खात्री करावी आणि मगच डी ड्राइव्हवरील मूळ प्रती पुसून रिसायकल बिन रिकामा करावा. घरातील छायाचित्रांसारख्या सामाईक गोष्टींसाठी 'यूजर्स'मधीलच 'पब्लिक' फोल्डर सोयीचा आहे.

वैद्यकीय अहवालांसाठी मी आणखी एक कुलूप सुचवेन. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने ते पासवर्डसह एन्क्रिप्ट केले, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केले, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही पासवर्डाशिवाय वाचता येत नाहीत. तो पासवर्ड विसरल्यास परत मिळवण्याची सोय नाही, तेव्हा तो वहीत लिहून कपाटात ठेवावा.

जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि 'एल' एकत्र दाबावी. खाते उघडेच राहिले, तर पुढे बसणाऱ्याला आपल्या सर्व फाइल्स मोकळ्या असतात.